बंधारा, गाळ आणि माणसे

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला, आणि याच रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हा वसंत व्याख्यानमालेत निफाडविषयी चार शब्द बोलण्यास निराळे निमित्त शोधावयास नको. आम्ही पंडित नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि बाजार समितीच्या आवारात, हमालांच्या सभांत व सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर फार, असे झाले आहे. त्यामुळे इतिहासाकडे पाहण्याची आमची एक खोड आहे. धरण कोणी बांधले हे वाचले, की त्याची माती कोणी वाहिली, हा प्रश्न आधी मनात येतो.

निसर्ग बदलतो, समाज बदलतो, आणि भूमी व माणसे त्या बदलाशी जुळवून घेतात, असे आपण सहज म्हणून जातो. हे जुळवून घेणे म्हणजे नेमके काय, ते कोणाला परवडते आणि कोणाला नाही, हे पाहावयाचे तर त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. निफाड तालुक्याचा एक फेरफटका पुरे आहे.

प्रथम नांदूर मधमेश्वरला जाऊ. गोदावरी आणि कादवा यांचा येथे संगम आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील नदीच्या गाळात एका प्राचीन हत्तीचे अश्मीभूत अवशेष सापडले, आणि भूशास्त्रज्ञ पिलग्रिम यांनी १९०५ साली त्यांची नोंद प्रसिद्ध केली. ती हत्तीची जात आज पृथ्वीवर नाही. आज जेथे ऊस, कांदा व द्राक्षे दिसतात तेथे एके काळी असल्या प्राण्यांना पोसणारे गवत व पाणी होते. भूमी आपल्याला स्थिर वाटते ती केवळ आपले आयुष्य लहान असल्यामुळे.

माणसांचेही तसेच आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव म्हणून गाव आहे. तेथे १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले. इसवी सनापूर्वी एक हजाराच्या सुमारास पाऊसमान घटत गेले, मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती मागे पडून गुराढोरांवर व शिकारीवर भिस्त वाढली आणि पुढे वस्तीच उठली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आम्हांस त्यातील आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गावाच्या भरभराटीच्या दिवसांत प्रमुखाचे घर पाच खोल्यांचे होते व धान्याचे कोठार त्याला लागूनच होते. कारागिरांची घरे गावाच्या कडेला होती. दुष्काळ सर्वांवर येतो खरा, पण कोठारापासूनचे अंतर सर्वांचे सारखे नसते. आमच्या सबंध विवेचनाचे सूत्र हेच आहे.

आता अलीकडे येऊ. निफाड हा पूर्वापार गव्हाचा मुलूख. काळी, ओल धरून ठेवणारी जमीन आणि हिवाळ्यात कडाक्याची थंडी. महाराष्ट्रातील नीचांकी तापमानाची बातमी आली की त्यात निफाडचे नाव वारंवार असते, हे आपण जाणताच. १८६० च्या दशकात रेल्वे आली. निफाड, उगाव, लासलगाव ही ठाणी मुंबईच्या बाजाराशी जोडली गेली. रेल्वे आली म्हणजे केवळ गाडी आली असे नव्हे. गावच्या पेवात राहणाऱ्या धान्याला दूरचा भाव दिसू लागला, आणि भावाच्या मागे पीकही वळू लागले. पुढे १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत मागवून सरकारपुढे मांडली. रानडे त्या सभेचे बुद्धिबळ होते. परिस्थितीचा अभ्यास करावयाचा तर ती भोगणाऱ्यास विचारावे, ही रीत आपल्याकडे अशी दीडशे वर्षांची आहे.

दुष्काळांनी हैराण झालेल्या सरकारने कालव्यांची कामे हाती घेतली. नांदूर मधमेश्वरचा दगडी बंधारा १९०७ नंतरच्या सहा-सात वर्षांत उभा राहिला. त्याच्या दोन्ही अंगांनी गोदावरीचे डावा व उजवा असे कालवे निघाले, आणि त्यांना पाण्याचा साठा असावा म्हणून वर इगतपुरीकडे १९१६ साली दारणा धरण झाले. पाणी इगतपुरीच्या डोंगरात पडावे, निफाडात अडावे आणि त्याने मुख्यतः कोपरगाव-राहात्याकडची शेते भिजावीत, अशी ही योजना. त्या भागात ऊस आला, साखर कारखाने आले, सहकार आला. अतिपाण्याने काही जमिनी चोपण होऊन वायाही गेल्या. ज्या तालुक्यात बंधारा, त्याच्या वाट्याला मात्र मुख्यतः दोन गोष्टी आल्या: फुगवट्याचे पाणी आणि गाळ.

या गाळाची कथा मोठी बोधप्रद आहे. बंधाऱ्यामागे नदीचा वेग मंदावला. वर्षानुवर्षे माती साचत गेली. इंजिनिअरच्या हिशेबी हा तोटा, कारण जितका गाळ तितके पाणी कमी. परंतु त्या गाळाची बेटे झाली, बेटांवर लव्हाळे व गवत वाढले, उथळ दलदल तयार झाली आणि तिच्यावर पाखरे उतरू लागली. चक्रवाक, थापट्या, क्रौंच असे हजारो पाहुणे हिमालयापलीकडून येथे हिवाळा काढावयास येतात. १९८६ साली येथे पक्षी अभयारण्य झाले. इराणमधील रामसर या गावी १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्या करारान्वये मान्यता मिळालेले महाराष्ट्रातील पहिले स्थळ म्हणून नांदूर मधमेश्वरचे नाव जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. माणसाने एका हेतूने काम केले, निसर्गाने ते बिघडवले, आणि त्या बिघाडातून जगाने जतन करावी अशी वस्तू निर्माण झाली.

गाळाविषयी महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात १८८३ च्या सुमारासच लिहून ठेवले आहे. पावसाने वाहून जाणारी माती बांध घालून अडवावी, पाणी जमिनीत मुरवावे आणि तळ्यातील गाळ शेतकऱ्यास शेतात नेऊ द्यावा, अशी त्यांची सूचना होती. माती म्हणजे कुणब्याची ठेव, हे त्यांना दिसले होते. बंधाऱ्यामागील बेटांकडे पाहताना ही कोणाच्या शेतातली ठेव येथे येऊन पडली, असा विचार आमच्या मनात येतो. आज त्या पाण्यात नाशिक शहराचे सांडपाणीही मिसळते आणि पानवेली माजतात. शहर वाढले हा समाजातील बदल. त्याचा निचरा खालच्या गावांनी सोसावा, हेही एक प्रकारचे जुळवून घेणेच, पण ते दुसऱ्याने लादलेले.

आता ओझरला चला. हे गाव पूर्वी ‘ओझर तांबट’ म्हणून ओळखले जाई. १९२५ साली येथे रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी द्राक्षाची बाग लावली. १९६४ साली विमानांचा कारखाना आला, रशियन आराखड्याची मिग विमाने तेथे बनू लागली आणि गावाचे नाव ‘ओझर मिग’ झाले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हे विमानही हवाई दलातून निवृत्त झाले. नाव मात्र लोकांच्या तोंडी आहे. एका गावाने तांबे, द्राक्ष आणि विमान अशी तीन युगे शंभर-सव्वाशे वर्षांत पाहिली. गावच्या नावातील एकेक शब्द हा असा कागद असतो, तो वाचता आला पाहिजे.

याच ओझरने आणखी एक धडा दिला. वाघाड धरणाचे पाणी कालव्याच्या टोकाकडच्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचत नव्हते. बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राचे त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या सुमारास पाणीवापर संस्था उभ्या करण्याचे काम सुरू केले. त्यांपैकी एकीस महात्मा फुल्यांचेच नाव आहे. पाणी मोजून घ्यावे, पाळी ठरवून घ्यावी, पट्टी स्वतः गोळा करावी, हा त्यांचा मार्ग. पुढे सबंध प्रकल्पाच्या पाणीवाटपाचा कारभार अशा संस्थांच्या हाती आला, आणि २००५ साली राज्याने त्यासाठी कायदाही केला. पाऊस तोच, धरण तेच, कालवा तोच. माणसे संघटित झाली एवढाच फरक, पण त्याने टोकाच्या शेताला पाणी मिळाले. बदलाला तोंड देण्याचे सर्वांत स्वस्त साधन संघटना हे आहे, असे आम्ही म्हणतो ते केवळ आमच्या धंद्याच्या अभिमानाने नव्हे.

परंतु येथेच आमचीही चूक सांगणे प्राप्त आहे. द्राक्ष हे मोठे नाजूक पीक. उन्हाळ्यात खरड छाटणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास गोडी छाटणी, मग विरळणी, औषधांची बुडवणी आणि शेवटी खुडणी. प्रत्येक काम वेळच्या वेळी झाले पाहिजे. त्यासाठी हजारो हात लागतात. ते हात पेठ-सुरगाण्याच्या डोंगराळ आदिवासी भागांतून येतात. गंमत अशी, की पाऊस पेठ-सुरगाण्यात उदंड आणि निफाडात बेताचा. पण तेथले पाणी बहुतांशी पश्चिमेकडे समुद्राला धावते आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दरी उतरावी लागते. म्हणून तेथील माणसे पूर्वेकडे, पाटाच्या पाण्यामागे येतात. आम्ही वर्षानुवर्षे बाजाराच्या आवारातील हमाल-मापाड्यांची संघटना केली. पुण्यात १९५५ साली बाबा आढावांनी हमाल पंचायत उभारली, १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्या वारशाचा आम्हांस अभिमान आहे. मात्र आमची नोंदवही आवाराच्या फाटकाशी संपत असे. त्याच फाटकावरून पहाटे बागेच्या कामाला जाणाऱ्या टोळ्यांच्या गाड्या जात, आणि त्यांतील एकाही बाईचे नाव आमच्या वहीत नव्हते. ती माणसे कायमची नाहीत, हंगामी आहेत, असे आम्ही स्वतःला समजावीत होतो. पंचवीस-पंचवीस हंगाम येणाऱ्यास हंगामी म्हणणे हे किती सोयीचे आहे, हे आम्हांस फार उशिरा कळले.

२६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड तालुक्यात गारपीट झाली आणि काही घटकांत बागांचे मांडव झोडपून निघाले. पंचनामे झाले, ते व्हावयासच हवे होते. बागाईतदाराचे कर्ज बागेबरोबर वाहून जात नाही. ज्याच्याजवळ भांडवल आहे तो आता बागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालतो, कडाक्याच्या रात्री शेकोट्या पेटवतो. कुंदेवाडीच्या केंद्राने कमी पाण्यावर येणारा ‘नेत्रावती’सारखा गहू दिला, तीही सोय आहे. परंतु ज्या विरळणीचे काम गारांनी संपवले, त्या कामाच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कोणत्या रकान्यात लिहावयाचा? तसा रकानाच नव्हता. टोळ्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन परतल्या. जुळवून घेतले असे त्यालाही म्हणता येईल.

लासलगावचा कांदाही हेच सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली की भाव पडतो. भाव पडला की लिलाव बंद पडतात. लिलाव बंद की हमालाची चूल बंद. एप्रिल २०२४ मध्ये हमाली, तोलाई व वाराई कोणाच्या पट्टीतून कापावी या वादात जिल्ह्यातील लिलाव कित्येक दिवस थांबले. शेतकरी म्हणे, माझ्या घामातून का? हमाल म्हणे, माझ्या पाठीचे दाम का बुडावे? दोघेही खरे बोलत होते. बदलाचा भार वाटून घेण्याची रीत ठरलेली नसली, की दोन कष्टकरीच समोरासमोर उभे राहतात.

बिबट्याचेही उदाहरण घ्या. जंगल गेले, पण ऊस आला. उसात दडावयास जागा, पाटाला पाणी, वस्तीवर कुत्री-शेळ्या; त्याने उसालाच रान मानले. उसाची तोड सुरू झाली की तो बाहेर पडतो, आणि प्रथम गाठ पडते ती पहाटे कोयता घेऊन फडात शिरलेल्या तोडकऱ्याशी. भूमीच्या बदलाचा धोकादेखील पोटासाठी बाहेर पडलेल्याच्याच वाट्याला आधी येतो.

तात्पर्य, निफाडची भूमी कशी बदलली याचा अभ्यास ज्यांना करावयाचा आहे, त्यांनी तीन वह्या ठेवाव्यात असे आम्ही सुचवू. पहिलीत पाऊस, पाणी, माती व पाखरे यांची नोंद असावी. दुसरीत पीक, भाव, कायदे व संस्था यांची असावी. या दोन वह्या आज थोड्याफार आहेत. तिसरीत मात्र ज्यांनी गाव सोडले, ज्यांचा रोज बुडाला, ज्यांनी कमी खाल्ले, त्यांची नावे असावीत. ती वही कोणी सरकारी कचेरी लिहील याची वाट पाहू नये. दीडशे वर्षांपूर्वी सार्वजनिक सभेने वार्ताहर धाडले. आज तर आपल्यापैकी प्रत्येकाच्या दारावरून ती माणसे रोज जातात.

आमच्या संघटनेने गेल्या दोन हंगामांपासून ही वही उघडली आहे. गोडी छाटणीच्या वेळी आम्ही मुक्कामाच्या जागी जातो आणि नाव, गाव, कामाचे दिवस व मिळालेली मजुरी लिहून घेतो. पाने अजून थोडीच भरली आहेत. ज्यांना सुवाच्य अक्षरात लिहिता येते अशा गृहस्थांनी आणि विशेषतः भगिनींनी या कामी चार संध्याकाळी द्याव्यात, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.