साक्षी दिवाकर : महाराष्ट्रातील शिल्पांचा सूर्य

मानवाने पूजिलेल्या देवतांत सूर्य हा प्रत्यक्ष दिसणारा देव होय. इतर देवांची रूपे कलावंतांना कल्पनेने घडवावी लागली. सूर्य मात्र रोज प्रातःकाळी सर्वांच्या दृष्टीसमोर उभा राहतो. म्हणूनच त्याला पाषाणात आणताना कलेची खरी कसोटी लागली. नुसते वर्तुळ कोरावे तर देव दिसत नाही आणि मनुष्याकृती घडवावी तर तेज दिसत नाही. आपल्या महाराष्ट्राने ह्या अडचणीतून दोन वाटा काढल्या. एक वाट लेण्यांची व देवळांची, दुसरी गावशिवेवरील साध्या दगडांची. पहिलीचे वर्णन विद्वानांनी पुष्कळ केले आहे. दुसरी आपल्या दाराशी असून आपणांस अपरिचित राहिली आहे.

पहिल्या वाटेचा आरंभ पुणे जिल्ह्यातील भाजे येथे दिसतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातील त्या बौद्ध लेण्यांतील एका विहाराच्या ओसरीत चार घोड्यांच्या रथात बसलेला एक पुरुष कोरलेला आहे. त्याच्या दोहों बाजूंस दोन स्त्रिया असून एकीने छत्र व दुसरीने चवरी धरली आहे. रथाच्या चाकांखाली अक्राळविक्राळ देह चिरडले जात आहेत. काही पंडितांनी ह्या शिल्पाचा निराळा अर्थ लावला असला, तरी बहुतेक अभ्यासक त्यास सूर्य मानतात. अंधार म्हणजे केवळ प्रकाशाचा अभाव नसून तो जिंकावयाचा शत्रू आहे, ही कल्पना येथे शिल्पकाराने शब्दावाचून सांगितली. पुढे चार घोड्यांचे सात झाले. वेरूळच्या 'कुंभारवाडा' नावाने ओळखल्या जाणाऱ्या २५ क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर सप्ताश्वरथारूढ सूर्य आहे. तेराव्या शतकात ओडिशातील कोणार्क येथे तर सात घोडे व चोवीस चाके देऊन अवघे मंदिरच रथरूप करण्यात आले.

ह्या देवाच्या वेषातही इतिहास दडला आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत सूर्यमूर्तीस उदीच्य, म्हणजे उत्तरेकडील लोकांचा वेष सांगितला. मथुरेकडील कुशाणकालीन मूर्तींच्या पायांत उंच पादत्राणे व अंगात लांब अंगरखा आढळतो. दक्षिणेकडील मूर्ती अनवाणी असून खांद्यांपर्यंत उचललेल्या दोन्ही हातांत कमळे धरतात. परदेशातून आलेली चालरीत देवाच्याही अंगावर चढते आणि प्रांत बदलला की उतरते, हे त्यावरून ध्यानात येते.

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. पिपरी मेघे व वर्धा ह्यांच्या शेजारीच धाम नदीच्या काठी पवनार आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे प्रतिपादन केले. पाचव्या शतकात दुसऱ्या प्रवरसेनाने प्रवरपुराहून दिलेला एक ताम्रपट अचलपूरजवळील चम्मक येथे सापडला. त्यात एक गाव एक सहस्र ब्राह्मणांना दिल्याची नोंद आहे. हे दान चंद्रसूर्य असेतोपर्यंत चालावे, असे राजा म्हणतो; पण दान घेणाऱ्यांनी राज्याचा द्रोह, चोरी इत्यादी अपराध करू नयेत, अशी अटही घालतो. येथे सूर्य हा रथातला विजेता नाही. तो दिलेल्या वचनाची मुदत आहे आणि त्या वचनाचा साक्षीही आहे.

ताम्रपट वाचावयास अक्षरज्ञान हवे. ते गावात कितीकांना असणार? तेव्हा हेच वचन पुढे चित्रात उतरले. अलिबागजवळील आक्षी येथील शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ च्या शिलालेखासारख्या दानशिलांवर वरच्या भागी चंद्रसूर्य कोरलेले दिसतात. पुष्कळ शिलांवर मध्ये लेख आणि खाली दान मोडणाऱ्यास घोर शाप देणारे गर्दभचित्र असते. त्यांस लोक गधेगळ म्हणतात. लेख न वाचता आला तरी वरचे आश्वासन व खालचा धाक गुराख्यालाही कळे. वीरगळांवर खाली युद्ध, त्यावर वीराचे स्वर्गारोहण, त्याहून वर शिवपूजा आणि शिरोभागी पुन्हा तेच चंद्रसूर्य. सतीशिळेवरील कंकणयुक्त हाताशेजारीही तेच. दान असो, मरण असो, साक्ष एकच. एका लहानशा वर्तुळाने जे काम केले, ते मोठ्या रथालाही साधले नाही.

हीच परंपरा आपल्या घरांतून अद्यापि चालू आहे. रथसप्तमीला गृहिणी अंगणात रांगोळीने सूर्याचा रथ काढतात व गोवऱ्यांवर दूध ऊतू घालवितात. वारली बांधवांच्या विवाहचौकातही चंद्रसूर्यांना स्थान असते. नवदांपत्याच्या जीवनास ह्याहून थोर साक्षी कोण मिळणार?

मंडळाच्या सभासद कुटुंबांस ह्यानिमित्ताने एक विनंती करावीशी वाटते. चंद्रसूर्य कोरलेले असे दगड कित्येक गावी पारापाशी, विहिरीच्या काठी वा शेताच्या बांधावर पडलेले असतात. कोणी त्यांस शेंदूर फासतो, कोणी त्यांवर धुणे आपटतो, कोणी नव्या भिंतीच्या पायात घालतो. दगडाची अक्षरे झिजली की गावाचा एक पुरावा गेला, आणि तो पुन्हा लिहून घेता येत नाही. आपापल्या मूळ गावी गेल्यावर असा दगड आढळला, तर तो न हलविता, न रंगविता, त्याचे छायाचित्र घ्यावे, जागेची नोंद करावी व पुरातत्त्व खात्यास कळवावे. आपल्या पूर्वजांनी सूर्याला साक्षी ठेवून दिलेले वचन सूर्य विसरलेला नाही. ते जपण्याचे काम तेवढे आपल्याकडे आले आहे.