धान्याचे दान आणि कराची सूट

वसमत तालुक्यातले कुरुंदा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या राजवटीत दानाशी जोडलेली करमाफी मुख्यतः जमिनीची असे. देवळाच्या दिवाबत्तीसाठी, मशिदी-दर्ग्याच्या सेवेसाठी शेत इनाम दिले जाई आणि त्याचा सारा पूर्ण किंवा काही अंशी माफ होई. सेवेच्या बदल्यात दिलेल्या अशा जमिनीला निजामी दप्तरात ‘खिदमत माश’ म्हणत. चौकशी होऊन हक्क मान्य झाला की ‘मुंतखब’ हा कागद मिळे. माफी त्या शेताला चिकटलेली असे आणि सेवा चालू तोवर टिके. १९५४ च्या कायद्याने हैदराबाद राज्यातली बहुतेक इनामे संपवली, तरी धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामे त्यातून वगळली.

आयकराची सवलत वेगळ्या वाटेने आली. भारतीय आयकर कायदा या मुलखाला १ एप्रिल १९५० पासून लागू झाला. १९६१ च्या कायद्यात दानाची वजावट आधी कलम ८८ मध्ये होती; १९६८ पासून ती ८०जी या कलमात आली. दान वस्तूचे असले तरी वजावट मिळते का, हा वाद बराच काळ चालला. अखेर १९७६ पासून कलमात स्पष्टीकरणच घातले गेले: दान पैशाच्या रूपात असेल तरच वजावट. त्याआधीच्या वर्षांसाठीही हाच अर्थ धरायचा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने श्री राम वर्मा प्रकरणात दिला. तिथे दान शेअर्सचे होते. अमेरिकेत १९१७ पासून दानाची वजावट आहे आणि कपडे, फर्निचर, शेअर्स यांची किंमत ठरवून ती मागता येते. भारताने तो मार्ग घेतला नाही. जुन्या साडीची किंवा पोतेभर ज्वारीची किंमत कोणी ठरवायची, या प्रश्नातून तपासनीस सुटला, पण खेड्यातले बहुतेक दान कायद्याच्या हिशेबाबाहेर राहिले.

कुरुंद्याच्या परिसरात हे ठळक दिसते. अखंड हरिनाम सप्ताह असला की घरोघरून गहू, तूरडाळ, गूळ, तेल येते. कोणी हळद देतो, कोणी काल्याच्या पंगतीसाठी सरपण. वहीत नावापुढे ‘दोन पायल्या गहू’ अशी नोंद होते. ही वही गावासाठी पुरेशी आहे, आयकरासाठी निरुपयोगी. एकतर दान पैशाचे नाही. शिवाय एखाद्या धर्मासाठीच असलेल्या संस्थेला ८०जीची मान्यता सहसा मिळत नाही. अपवाद आहे तो ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाच्या अधिसूचित देवस्थानांच्या जीर्णोद्धाराचा. आणि निव्वळ शेतीवर जगणाऱ्याला केंद्राचा आयकरच नाही, त्यामुळे त्याच्या दानाला सूट कशातून मिळणार?

सूट उपयोगी पडते ती व्यापाऱ्याला आणि नोकरदाराला. हळदीच्या व्यापाऱ्याने हळदच दिली तर वजावट शून्य. तीच विकून धनादेशाने १०,००० रुपये मान्यताप्राप्त संस्थेला दिले तर साधारणपणे ५,००० रुपये करपात्र उत्पन्नातून वजा होतात, उत्पन्नाच्या ठरलेल्या मर्यादेत. वजावटीसाठी रोख दानाची मर्यादा २०१७-१८ पासून २,००० रुपयांवर आली.

आपत्तीत फक्त पैशाच्या दानाला सूट देणारा हा नियम अधिक बोचतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ठिकठिकाणांहून धान्य, भांडी, चादरी लातूर-उस्मानाबादकडे गेल्या. करसवलत मात्र मदतनिधीत पैसे भरणाऱ्यालाच मिळत होती. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत कुरुंद्यात पाणी घरांत शिरले, तेव्हाही कायदा हाच होता. अन्नाचे पाकीट पोचवणारा आणि मदतनिधीत पैसे भरणारा यांत कायद्याने केलेला भेद न्याय्य म्हणता येत नाही.

पैशाच्या दानावरही अटी वाढल्या. २०२१-२२ पासून संस्थेला देणगीदारांचे विवरण आयकर विभागाकडे भरून १०बीई हे प्रमाणपत्र द्यावे लागते. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तीत ८०जीची वजावट नाही. ती हवी असेल तर जुनी प्रणाली निवडावी लागते.