फळ, पोट आणि हृदय : प्रस्तावना

‘फळांनी काय पोट भरतं?’ हा सवाल आपल्या घरांत उपासाच्या दिवशी हमखास निघतो. फळ म्हणजे एकादशीचा आधार, नाहीतर आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायची वस्तू. जेवणाच्या हिशेबात ते कुणी धरत नाही. आहारशास्त्राच्या ज्या शाखेत वाचक इथे पाऊल टाकतो आहे, तिने नेमका हाच सवाल मोजमाप लावून तपासायला घेतला.

हैदराबादकरांना त्याची साधनं घराजवळच मिळतात. तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था मूळची कुन्नूरची, १९१८ सालची; डॉ. व्ही. एन. पटवर्धन संचालक असताना, १९५८ मध्ये ती इथे आली. तिने २०१७ साली काढलेल्या कोष्टकांत ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचं पृथक्करण आहे. त्यात पेरूची ओळ काढून पाहावी : शंभर ग्रॅममागे सुमारे साडेआठ ग्रॅम तंतू. गाड्यावर तिखट-मीठ लावून मिळणारा हा जाम (हैदराबादी माणूस पेरूला जामच म्हणतो) महागड्या सफरचंदाला सहज मागे टाकतो.

पण कोष्टकात सगळं सापडत नाही. १९७७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांनी दहा जणांना सफरचंद तीन रूपांत दिलं : अख्खं, गर करून आणि रस काढून. साखर तिन्हींत सारखीच. रस अख्ख्या फळाच्या अकरापट वेगाने संपला, समाधान मात्र त्यानेच सर्वांत कमी दिलं. शिवाय रसानंतर रक्तातली साखर चढून पुन्हा खाली घसरली. चावण्याला लागणारा वेळ, पेशींत अडकलेलं पाणी, जठरावर येणारा ताण ही फळाची खरी मिळकत. मिक्सर आणि गाळणी ती हिरावून घेतात. माझ्या मते या विषयाचा पाया हाच. ‘फळात साखर असते’ एवढ्यावरच अडणारी चर्चा मला म्हणूनच अपुरी वाटते.

हृदयाकडे वळलं की पुराव्याची जात बदलते. फळांतलं पेक्टिन आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतं, मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. पोटॅशियममुळे मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात. कारणं अशी जुळतात. चीनमधल्या सुमारे पाच लाख प्रौढांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रोज ताजी फळं खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब क्वचित खाणाऱ्यांपेक्षा सुमारे ४ मिमी कमी निघाला, हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यूही बरेच कमी. मात्र रोज फळ परवडणारा माणूस बहुधा शिकलेला आणि खाऊनपिऊन सुखी असतो. आकडेमोडीत या फरकांची वजावट केली, तरी अशी पाहणी म्हणजे प्रयोग नव्हे. मूत्रपिंडाच्या रुग्णांचा हिशेब तर वेगळाच. त्यांना पोटॅशियम जपूनच घ्यावं लागतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतल्या नमुना ताटात दिवसाला शंभर ग्रॅम फळं आहेत, म्हणजे एक बेताचा पेरू. तो जेवणाआधी खावा की नंतर, हे ठरवताना अमेरिकेतला २००९ चा एक प्रयोग हाताशी घ्यावा. जेवणाआधी पाव तास अख्खं सफरचंद खाल्लेल्यांच्या पोटात, सफरचंद धरूनही, सुमारे १५ टक्के उष्मांक कमी गेले. आपल्याकडे उन्हाळ्यात बेनिशान आंब्याचा रस काढून, साखर घालून, पुऱ्यांबरोबर वाट्यांवर वाट्या रिचवतात आणि बाठा चोखायला पोरांच्या हाती देतात. ब्रिस्टलच्या तीन रूपांपैकी आमरस कशात बसवायचा, यापासून अभ्यासाला सुरुवात करायला हरकत नाही.