दासगावचे बंदर, पारचा घाट

‘देश’ हा शब्द महाड-पोलादपूरच्या माणसाच्या तोंडी आजही एका खास अर्थाने येतो. देश म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडचा मुलूख. ‘देशावर गेला’ म्हणजे घाट चढून गेला. एके काळी हा शेजारचा देश राज्य म्हणूनही वेगळा होता. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंहांकडे जे राज्य ठेवले, त्याची पश्चिमेची हद्द सह्याद्रीपाशी होती. महाड आणि पोलादपूर कंपनीकडे, आणि घाट चढून पार गावी पोचले की साताऱ्याचे राज्य. पुढे १८२४ मध्ये कंपनीचा लष्करी अधिकारी लॉडविक महाबळेश्वरच्या पठारावर जाऊन आला, १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम आला आणि १८२९ मध्ये त्याने तह करून वाईकडच्या खंडाळे गावाच्या बदल्यात ते पठार छत्रपतींकडून मिळवले. तेथे माल्कमपेठ वसली आणि मुंबईच्या उन्हाळ्याने हैराण झालेल्या गोऱ्या साहेबांची शेजारच्या मुलखातली सुट्टी सुरू झाली. लॉडविक चढला, माल्कम आला, तह झाला आणि वाट खुली झाली, अशी ही हकिकत सांगितली जाते. त्यातले शेवटचे विधान मला मान्य नाही. तहाने पठाराची मालकी बदलली. वाट खुली होणे ही निराळी गोष्ट आहे. ती केव्हा आणि कोणासाठी खुली झाली हे हुकुमाच्या तारखेवरून कळत नाही. त्या वाटेवर कोण चालत होते, कोण कोणाला वाहून नेत होते, हे पाहिल्यावर कळते.

आधी ती वाट नीट पाहू. मुंबईहून गलबत निघे ते बाणकोटला. सावित्रीच्या मुखावरचा हा किल्ला १७५६ पासून इंग्रजांकडे होता. त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले होते. बाणकोटहून पुढचा प्रवास खाडीतून आणि भरतीच्या मर्जीने. मोठी जहाजे खालीच थांबत, लहान पडाव दासगावपर्यंत येत आणि भरती पुरेशी असली तर थेट महाडच्या धक्क्याला लागत. सावित्रीचा गाळ कोठे साचला आहे आणि ओहोटीला कोठे अडकायला होईल, हे तांडेलाला ठाऊक. गव्हर्नराला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. महाडपासून पालखी, मेणा, डोली किंवा घोडे. पोलादपूरपर्यंत बरीचशी सपाटी, तेथून पारच्या घाटाची चढण आणि अखेर सुमारे १,३७० मीटर उंचीवरचे पठार. माणसाबरोबर त्याचा संसारही वर चढे: पेट्या, बिछाने, काचेची भांडी, तंबू. सारे काही खांद्यावरून, डोक्यावरून आणि बैलांच्या पाठीवरून. हंगामही ठरलेला होता. पावसाळ्यात दर्या बंद, गलबते वर ओढलेली. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र पुन्हा चालता होई. महाबळेश्वरवर तर पावसात राहणेच कठीण, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत एवढाच मोसम. म्हणजे या वाटेवर वर्षाला एकदा बंदी येई आणि एकदा उठे, आणि ती घालणारा वा उठवणारा कोणी गव्हर्नर नव्हता.

वाटेचे हे ज्ञान माल्कमच्या काळात जन्माला आले नाही. महाडजवळच्या गांधारपाले येथील बौद्ध लेणी सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची आहेत. खाडीच्या डोक्याशी आणि घाटवाटांच्या पायथ्याशी असलेल्या जागी इतकी लेणी खोदली जातात, तेव्हा तेथून माणसांची व मालाची सतत ये-जा होती हे उघड आहे. पुढे जावळीच्या मोऱ्यांचे बळ होते ते या वाटांवर बसल्यामुळे. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली त्यामागेही याच वाटा होत्या. अफजलखान १६५९ मध्ये पारपर्यंत उतरून आला तोही याच परिसरात. मीठ आणि सुकी मासळी वर, धान्य, गूळ, मिरची खाली, हा व्यवहार बैलतांड्यांनी शतकानुशतके चालवला. १८०२ च्या ऑक्टोबरात होळकरांकडून हडपसरला हार खाऊन पळालेला दुसरा बाजीराव महाडलाच आला आणि तेथून समुद्रमार्गे डिसेंबरात वसईला पोचला. पेशवा असो वा गव्हर्नर, निकड पडली की याच माणसांच्या ओळखीच्या पाण्यावरून आणि पायवाटांवरून त्यांना जावे लागे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मुंबईहून महाबळेश्वरला जाण्याची खरी वाट पुण्या-वाईवरून होती, महाडची वाट दुय्यम. पुण्यावरची वाट होतीच, आणि प्रतापसिंहांनी साताऱ्याकडून पठारावर रस्ता करून दिला हेही खरे. पण बोरघाटातून रेल्वे धावू लागली ती १८६३ मध्ये. त्याआधीची तीस-पस्तीस वर्षे मुंबईकराला समुद्राने बाणकोट गाठणे हा सोयीचा पर्याय होता. इतकेच नव्हे, तर रेल्वे झाल्यावरही सरकारने १८७०च्या दशकात याच बाजूने आंबेनळी घाटातून गाडीरस्ता काढला आणि त्याला माजी गव्हर्नर फिट्झजेराल्ड याचे नाव दिले. जी वाट निरुपयोगी, तिच्यासाठी एवढा डोंगर कोणी कापत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. वाहणाऱ्यांना वाटेचे श्रेय देताना आपण त्यांच्या कष्टांना फुलांचा हार तर घालत नाही ना? कारण त्या काळी ओझे वाहणे हे अनेकांच्या बाबतीत मजुरी कमी आणि वेठ जास्त होते. महार वतनात सरकारी ओझे वाहण्याचे काम येई, आणि ते नाकारण्याची मुभा नसे. हा आक्षेप मी पूर्ण मानतो. माझ्या म्हणण्याला त्याने बळच येते. एकाच वाटेवर, एकाच दिवशी, एकाला प्रवासाची मोकळीक असते आणि त्याला वाहून नेणाऱ्याला ती नसते. आणि हे फक्त गरिबांच्याच वाट्याला आले असेही नाही. ज्या १८१९ च्या तहाने सीमा आखली, त्यानेच प्रतापसिंहांना कंपनीच्या परवानगीविना बाहेरच्या कोणाशी संबंध ठेवायला मनाई केली. ही मनाई मोडल्याचा ठपका ठेवून १८३९ मध्ये त्यांना गादीवरून दूर केले आणि काशीला पाठवले. तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. पाहुण्यांना हवा खाण्यासाठी ज्यांनी डोंगर दिला आणि रस्ता दिला, त्यांना स्वतःच्या राज्यात परतता आले नाही. ‘वाट खुली झाली’ हे वाक्य लिहिताना लिहिणाऱ्यापुढे हा तपशील असायला हवा.

महाडकडे याहून मोठा पुरावा आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी खर्चाचे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर बंदी उठली. २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तोवर त्या ठरावाने एका ओंजळीचाही फरक पडला नव्हता. आणि पाणी प्याल्यावर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव फिरवला. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. तिला येताना बाबासाहेबांनी नेहमीची धरमतर बंदराची वाट सोडली आणि ‘पद्मावती’ बोटीने दासगाव गाठले. धरमतरहून पुढे मोटारींवर अवलंबून राहावे लागले असते. मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला असता तर परिषद वाटेतच अडकली असती. दासगावहून महाड पाचेक मैलांवर, पायी येण्याजोगे. त्याआधी शंभर वर्षे साहेबांचे पडाव ज्या खाडीवाटेने येत होते, तिच्याच काठावर हे प्रतिनिधी उतरले, आणि प्रवासाची आखणी करताना त्यांनी धरले ते दुसऱ्याने न्यायला नकार दिला तरी आपले पाय चालतील एवढेच अंतर. प्रवासाच्या इतिहासात मला याहून नेमका हिशेब माहीत नाही. सवर्णांनी दाखल केलेला तळ्याचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघाला तो १७ मार्च १९३७ रोजी. बोले ठरावापासून जवळपास चौदा वर्षांनी.

कोणी म्हणेल, पाण्याचा हक्क आणि सुट्टीचा प्रवास यांची सांगड घालणे ओढूनताणून आहे. दोन्हींचे मोल सारखे नाही हे कबूल. पण दोन्हींत प्रश्न एकच येतो: मनाई उठल्याचे जाहीर झाल्यावर पहिले पाऊल कोणाला टाकता येते? २०२० मध्ये हा प्रश्न याच तालुक्यांच्या सीमेवर पुन्हा आला. मार्चअखेर जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या आणि पोलादपूरपुढचा कशेडी घाट, जिथे रायगड संपून रत्नागिरी सुरू होते, हा नाका झाला. कोरोनाच्या साथीत हद्द बंद ठेवणे गरजेचे होते, त्यावर माझा वाद नाही. ऑगस्टात गणपतीसाठी एसटीने येणाऱ्यांना प्रवासाच्या ई-पासमधून सूट मिळाली, विलगीकरणाची अट मात्र राहिली. २ सप्टेंबरपासून राज्यात ई-पासच रद्द झाला, आणि घाटावर फिरायला जाण्याचे बेत पुन्हा आखले जाऊ लागले. चाकरमान्याला गावी पोचण्यासाठी मुदत, तपासणी आणि दहा दिवसांची रजा हे सगळे जुळवावे लागले होते. ज्याच्या हाताशी स्वतःची गाडी आणि पगारी सुट्टी, त्याच्यासाठी हद्द सहज उघडली.

आज महाबळेश्वरला जाणारा पर्यटक गोवा महामार्गावर पोलादपूरला डावीकडे वळतो. दासगावला बोट लागत नाही. कोकण रेल्वे वीरवरून निघून जाते आणि पोलादपूरला स्पर्शही करत नाही. आंबेनळी मात्र तशीच वळणे घेत चढते. २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीने महाड तालुक्यातले तळिये आणि पोलादपूर तालुक्यातली साखर-सुतारवाडी, केवनाळे ही गावे दरडींखाली सापडली, तेव्हा या घाटातही दरडी आल्या आणि रस्ता बंद झाला. पावसाळ्यात असे पुन्हा पुन्हा घडते. मग मजूर आणि जेसीबी चालवणारे लोक वरून दगड सुटत असतानाच खालचा मलबा हटवतात, कडेची माती दाबतात आणि पहिली गाडी सावकाश पुढे काढतात. घाट वाहतुकीस खुला केल्याचा हुकूम त्यानंतर निघतो.