सातबाऱ्याची खानदेशातली वाटचाल

1852 साली सावदा, फैजपूर, एरंडोल भागातल्या शेतकऱ्यांनी इंग्रजांची जमीनमोजणी अडवली. मोजणी झाली की सारा वाढणार, ही त्यांची धास्ती होती. सरकारला फौज पाठवावी लागली. आज त्याच केळीच्या पट्ट्यात पीककर्ज असो की बांधाचा वाद, माणूस आधी सातबाऱ्याचा उतारा काढतो.

हे दप्तर मुळात वसुलीचे. हक्काची नोंद 1903 च्या मुंबई कायद्याने आली. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. 1966 च्या जमीन महसूल संहितेनंतर आजची घडी बसली: गाव नमुना सात हक्कांचा, बारा पिकांचा.

खरेदीखत नोंदवले की काम झाले, असे अनेकजण धरून चालतात. ते अर्धेच असते. तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. तरीही फेरफाराने मालकी जन्माला येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. नोंद खरी मानली जाते ती उलट सिद्ध होईपर्यंतच.

म्हणून खरेदीदाराने ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचावा. सोसायटीचा बोजा तिथे, विहिरीतला हिस्सा तिथे. कित्येक घरांत बहिणींची नावेही वारस म्हणून भावांच्या बरोबरीने न लावता याच रकान्यात सारली गेली. हक्कसोडपत्र नसेल तर त्या बहिणीचा हिस्सा शाबूत असतो. तिला न विचारता झालेला सौदा मला अन्यायाचाच वाटतो, आणि तो कोर्टात अडकतोही.

सर्वांत मोठा अन्याय मात्र तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहादा-तळोदा भागात झाला. सावकारी आणि फसव्या व्यवहारांतून आदिवासींच्या जमिनी गेल्या, उताऱ्यावर दुसऱ्यांची नावे चढली. 1972 पासून श्रमिक संघटनेने, अंबरसिंग सुरतवंतींसारख्या कार्यकर्त्यांनी, त्या परत मागितल्या. 1974 च्या कायद्याने 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 दरम्यान बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याची वाट खुली केली.

2018 पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो, 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपले पीक मोबाईलवरून स्वतः नोंदवतो. तलाठ्याकडे घालावे लागणारे हेलपाटे त्याने कमी झाले. पण संगणकात उतरले ते जुन्या वहीतलेच. गट घेणार असाल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून हस्तलिखित फेरफारांच्या नकला काढा आणि नावे मागे मागे जुळवत जा.