लिसे फ्रांसे, पुदुच्चेरी

पुदुच्चेरी (पाँडिचेरी) येथील फ्रेंच माध्यमाची आंतरराष्ट्रीय शाळा. शहराच्या जुन्या फ्रेंच भागात, समुद्रालगत ती भरते. भारतातील फ्रेंच वसाहतींचा गव्हर्नर देबासँ द रिशमाँ याच्या कारकिर्दीत १८२६ मध्ये ‘कॉलेज रॉयाल’ या नावाने तिची स्थापना झाली.

१ नोव्हेंबर १९५४ रोजी पाँडिचेरीचा कारभार भारताकडे आला. २८ मे १९५६ रोजी झालेल्या भारत-फ्रान्स कराराने ही शाळा चालू ठेवण्याची फ्रान्सला मुभा दिली. हा करार १६ ऑगस्ट १९६२ पासून अमलात आला. फ्रेंच नागरिकत्व कायम ठेवण्याचा पर्यायही त्यात होता आणि काही हजार स्थानिकांनी तो स्वीकारला. फ्रेंच सैन्यातून निवृत्त झालेल्यांची कुटुंबे त्यांत बरीच होती. त्यामुळे घरात तमिळ बोलणारी, पण जन्माने फ्रेंच नागरिक असलेली मुले हे या शाळेचे वैशिष्ट्य ठरले. शाळेत तमिळही शिकवतात.

शाळेचा कारभार फ्रान्सच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतील, १९९० मध्ये स्थापन झालेली ‘एईएफई’ ही संस्था थेट पाहते. जगभरातील सुमारे ६०० शाळा या संस्थेच्या जाळ्यात असून दिल्ली व मुंबई येथील फ्रेंच शाळाही त्यांपैकीच आहेत. अभ्यासक्रम फ्रान्सप्रमाणेच : बालवर्ग, पाच वर्षे प्राथमिक, चार वर्षे ‘कॉलेज’ आणि तीन वर्षे ‘लिसे’. प्राथमिकनंतर इयत्ता उलट मोजतात. साधारण अकराव्या वर्षी मूल सहावीत जाते, मग पाचवी, चौथी असे करत ‘तेर्मिनाल’ या शेवटच्या वर्गात पोहोचते. गुण २० पैकी देतात. शेवटी ‘बाकालोरेआ’ (बाक) परीक्षा असते. ती उत्तीर्ण झाल्यास फ्रान्समधील विद्यापीठांचे दरवाजे खुले होतात.

या परीक्षेमुळे पाँडिचेरीचे नाव फ्रान्समध्ये घरोघरी पोहोचले. अनेक वर्षे येथील बाक एप्रिलमध्ये, म्हणजे फ्रान्समधील जूनच्या परीक्षेआधी होई. त्यामुळे पाँडिचेरीच्या प्रश्नपत्रिका सोडवून सराव करण्याचा प्रघात तिकडच्या विद्यार्थ्यांत पडला.

परदेशातील अनेक फ्रेंच शाळा राजनैतिक अधिकारी व कंपन्यांच्या नोकरवर्गाच्या मुलांसाठी उघडल्या गेल्या. पुदुच्चेरीची लिसे मात्र तिथल्याच कुटुंबांच्या पिढ्यांनी जिवंत ठेवली आणि सत्तांतरानंतरही ती टिकली, हे तिचे खरे मोल होय.