जुन्या बाटलीची किंमत

राजूरची ओळख कोळसा आणि चुना अशी आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातल्या या गावाला आजही बाहेरचे लोक ‘राजूर कॉलरी’ म्हणूनच ओळखतात. इथे द्राक्षांचे मळे नाहीत की वाइन मुरवण्याची तळघरे नाहीत. तरीही स्थानिक इतिहासाची कागदपत्रे गोळा करणारा म्हणून मला या गावात एकदा एका जुन्या वाइनच्या बाटलीची किंमत विचारली गेली. खाणीतून निवृत्त झालेल्या एका कामगाराच्या घरी ती लोखंडी पेटीत होती. घरातल्या काकू म्हणाल्या, “सायबाच्या टायमाची आहे जी. पेपरात आलं होतं, अशी बाटली करोडोंनी जाते म्हून. पाहून सांगा ना भाऊ.” घराचे छत गळत होते आणि मुलीचे लग्न तोंडावर होते. म्हणून उत्तर नीट शोधून देणे भाग होते.

पेपरात आलेली बातमी खोटी नव्हती. ऑक्टोबर 2018मध्ये न्यू यॉर्कला सदबीजच्या लिलावात 1945 सालच्या रोमाने-काँती या फ्रेंच वाइनची एक बाटली 5 लाख 58 हजार डॉलरना गेली. त्या वेळच्या दराने हे सुमारे चार कोटी रुपये होतात. पण एवढी किंमत केवळ वयामुळे आली नाही. त्या वर्षी या मळ्यातून जेमतेम 600 बाटल्या निघाल्या. पुढे जुने वेल उपटून नवे लावल्यामुळे 1946 ते 1951 या काळात तिथे वाइन झालीच नाही. शिवाय ही बाटली बरगंडीतले नामवंत वाइन-व्यापारी रोबेर द्रुएँ यांच्या तळघरातून थेट लिलावात आली होती. दुर्मिळता, गुणवत्ता आणि मधल्या काळाचा चोख हिशेब, अशा तीन गोष्टी इथे जुळून आल्या होत्या.

या तिन्हींपैकी हिशेब किती महत्त्वाचा, हे दुसऱ्या एका बाटलीवरून कळते. 5 डिसेंबर 1985 रोजी लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात 1787 सालची म्हणून ‘लाफीत’ची एक बाटली 1 लाख 5 हजार पौंडांना विकली गेली. तिच्या काचेवर ‘टीएच. जे.’ या अर्थाची रोमन अक्षरे कोरलेली होती. ती अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांची, असे सांगण्यात आले. पॅरिसमध्ये भिंत घालून बंद केलेल्या एका तळघरात असा साठा सापडला, हे हार्डी रोडेनस्टॉक या जर्मन संग्राहकाचे म्हणणे होते. ते तळघर नेमके कुठले, हे त्याने कधीच सांगितले नाही.

जेफरसन हे हिशेबाचे पक्के गृहस्थ. कुठली वाइन मागवली, किती पैसे दिले, सगळे लिहून ठेवणारे. मॉन्टिसेलो या त्यांच्या निवासस्थानाच्या अभ्यासकांनी नोंदी चाळल्या, तेव्हा या बाटल्यांचा मेळ कुठे लागेना. पुढे याच साठ्यातल्या चार बाटल्या घेणारे अमेरिकी उद्योगपती बिल कोक यांनी तपास लावला. 1945 नंतरच्या अणुस्फोटांमुळे सिझियम-137 हे किरणोत्सारी मूलद्रव्य हवेत पसरले आणि द्राक्षांत उतरले. बाटली न उघडता त्याची चाचणी करता येते. कोक यांच्या बाटलीत ते सापडले नाही. पण त्यावरून वाइन 1945 पूर्वीची असावी, एवढेच ठरते. ती 1787ची ठरत नाही. निर्णायक पुरावा काचेने दिला. ती अक्षरे विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरलेली आहेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. 2006मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. आत काय आहे यापेक्षा बाहेर काय लिहिले आहे, आणि ते कधी लिहिले, यावर सगळा वाद फिरला.

हीच रीत मी राजूरच्या बाटलीला लावली. पहिली पाहणी बुचाखालच्या रिकाम्या जागेची. वाइन वर्षानुवर्षे बुचातून थोडी थोडी उडते. बोर्दोच्या धाटणीच्या बाटलीत पातळी मानेपर्यंत असली तर ठीक, खांद्याखाली गेली की आत हवा शिरली आणि वाइन आंबली असे समजावे. आपल्या बाटलीतली पातळी खांद्याच्या बरीच खाली होती आणि बूच सुकून आत सरकले होते. वाइन मुरवायला बारा-तेरा अंश सेल्सिअसचा गारवा, अंधार आणि थोडी ओल लागते. 2010 साली बाल्टिक समुद्राच्या तळाशी, बुडालेल्या जहाजात शंपेनच्या जुन्या बाटल्या सापडल्या. थंडी आणि अंधारामुळे त्यांतल्या काही पिण्याजोग्या राहिल्या होत्या आणि पुढच्या वर्षी एक बाटली 30 हजार युरोंना गेली. वणी परिसरातला उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या छपराखालच्या लोखंडी पेटीत वाइन टिकत नाही.

दुसरी पाहणी काचेची. लेबल गळून पडले होते. जुन्या, हाताने तोंड घडवलेल्या बाटलीवर साच्याची शिवण ओठाच्या खालीच संपते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांचे स्वयंचलित यंत्र आले, तेव्हापासून शिवण थेट ओठावरून जाऊ लागली. इथे ती ओठावरून गेलेली होती. त्याहून बोलका होता तळ. त्यावर काचेतच उठवलेले माप होते : 750 मिलिलिटर. भारतात दशमान मापे 1956च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने आली आणि युरोपात 75 सेंटिलिटरचे माप 1970च्या दशकात नियमात बसले. म्हणजे बाटली त्या सुमाराची किंवा नंतरची. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण 1973मध्ये झाले. ‘सायबाचा टाइम’ तोवर सरला होता.

तिसरी पाहणी कायद्याची. मुंबई दारूबंदी अधिनियम 1949चा. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नंतर हा कायदा इकडेही लागू झाला. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. परवान्याशिवाय मद्य विकणे त्यात गुन्हा आहे. तेव्हा बाटली अस्सल आणि उत्तम असती, तरी काकूंना ती घरबसल्या विकता आली नसती. कायदा किमतीला कसा वळवतो हे राजूरकरांना वेगळे सांगायला नको. 2015 ते 2021 या काळात शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती. वर्धा नदी ओलांडली की त्याच साध्या बाटलीचा भाव चढायचा. काच तीच, द्रव तोच, पण काठ बदलला की किंमत बदलली.

असाच प्रश्न महाराष्ट्राच्या स्वतःच्या वाइनबद्दलही पडतो. 1980च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला शंपेनच्या पद्धतीने फसफसती वाइन केली. ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशातही गेली. ती कंपनी आता बंद पडली आहे, म्हणून घरात राहिलेल्या बाटलीला मोल येईल असे कुणाला वाटू शकते. पण अशी वाइन वेळेत पिण्यासाठी असते. आज तिला रसिकांचा बाजार नाही. तिचे मोल आहे ते महाराष्ट्राच्या वाइन उद्योगाची पहिली पावले दाखवणारी वस्तू म्हणून, तेही लेबल शाबूत असेल तर.

काकूंना मी हिशेब तसाच सांगितला : वाइन म्हणून शून्य, काच म्हणून रद्दीचा भाव. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “बरं झालं भाऊ, कोनाला आगाऊ पैसे नाही देल्ले.” बाटली विकून देतो म्हणून एकाने त्यांच्याकडे आधी काही हजार मागितले होते. हे ऐकल्यावर मला त्या पाहणीचे खरे मोल कळले.

त्याच पेटीत बाटलीखाली यजमानांचे खाणीतले हजेरीचे कार्ड, पगाराच्या काही चिठ्ठ्या आणि एका गटाचा फोटो होता. चिठ्ठ्यांवर तारखा होत्या, कार्डावर हुद्दा होता. कुठल्याही लिलावात त्यांना कुणी बोली लावणार नाही. पण बाटलीच्या बाबतीत जे जे मी शोधत होतो, म्हणजे कुणाची, कधीची, कुठून आली, ते सगळे त्या कागदांवर जागच्या जागी लिहिलेले होते. राजूरच्या खाणीत कोण राबले, किती मजुरीवर राबले, हे उद्या कुणाला सांगायचे झाले तर असल्याच चिठ्ठ्या उपयोगी पडतील. त्यांच्या छायाप्रती मी काढून घेतल्या. फोटोतल्या माणसांची नावे काकूंना आठवत होती तेवढी त्यांच्याकडून विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिली. अकरांपैकी सात नावे लागली.